ऑक्टेनचा आकडा, ई२० आणि घरातल्या तीन गाड्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरला आपल्या घरी पेट्रोलच्या तीन गाड्या आहेत: वडिलांची २००८ सालची, कार्बोरेटरची १०० सीसी मोटारसायकल, २०१६ सालची बीएस-४ हॅचबॅक, जिला नंतर सीएनजी किट बसवले, आणि २०२४ मध्ये घेतलेली टर्बो इंजिनाची एसयूव्ही. पंपावर साधे पेट्रोल घ्यावे, ९५ चे प्रिमियम घ्यावे की क्वचित कुठे मिळणारे १०० ऑक्टेनचे घ्यावे, आणि ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलामुळे, जुन्या गाड्या खराब होतात हे कितपत खरे, असे आपण विचारले आहे. महागातले पेट्रोल भरले की गाडी मोकळी सुटते, असे वडिलांचे म्हणणे असल्याचेही आपण लिहिले आहे.

सातपूरला गॅरेज चालवताना गेल्या एकतीस वर्षांत हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत शेकडो वेळा विचारला गेला आहे, आणि माझे उत्तर बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला नाराज करते. ऑक्टेन ही इंजिनाची गरज असते, पेट्रोलची प्रत नव्हे. आणि इथेनॉलचे प्रमाण ही तर ग्राहकाने पंपावर निवडण्याची गोष्ट आज जवळजवळ उरलेलीच नाही. आपल्या हातात उरते ती गाडीची तयारी. त्यामुळे प्रिमियम पेट्रोलावर महिन्याकाठी जाणारे पैसे जुन्या दोन गाड्यांच्या रबरी भागांवर एकदाच खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो.

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलात किती ताकद आहे हे सांगत नाही; दाबाखाली आपसूक पेट घेण्याला ते किती विरोध करते, एवढेच सांगतो. आयसो-ऑक्टेन या हायड्रोकार्बनला १०० आणि एन-हेप्टेनला ० असे गुण देऊन ही मोजपट्टी बनवली आहे. चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांचे मिश्रण जसे वागते तसे जे पेट्रोल वागते, ते ९५ चे. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरच्या एका बाजूकडून दुसरीकडे पसरत जाते आणि तिच्या पुढ्यात उरलेले मिश्रण दाबाने तापत जाते. ज्योत पोहोचण्याआधीच ते मिश्रण एकदम भडकले, तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी जी टकटक ऐकू येते, तिलाच आम्ही नॉकिंग म्हणतो. ती अधूनमधून, क्षणभर आली तर फारसे बिघडत नाही. पण चढावर सतत येत राहिली तर पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅसकेट यांची वाट लागते.

म्हणून इंजिनाचा कंप्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटीने दाबले जाते तो आकडा, जितका अधिक, तितके जास्त ऑक्टेन लागते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा रेशो सातास एकच्याही खाली असे, त्यामुळे ती गाडी कोणत्याही पेट्रोलावर निमूटपणे चालत असे. आजच्या १०० ते ११० सीसी मोटारसायकली आणि स्कूटर दहास एकच्या आसपास असतात, तर केटीएमच्या ३९० सारख्या गाड्या साडेबाराच्या पुढे जातात. टर्बो इंजिनाचा रेशो कागदावर कमी दिसतो. पण टर्बो हवा आधीच दाबून आत पाठवत असल्यामुळे सिलिंडरमधला प्रत्यक्ष दाब त्याहून बराच जास्त असतो. ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्यात १०० घातले म्हणून ते इंजिन ठिणगी आधी टाकू लागत नाही आणि त्याला जास्त हवाही मिळत नाही. म्हणजे वडिलांच्या मोटारसायकलीला त्या जादा नऊ गुणांचा पत्ताच लागत नाही. तरीही गाडी ‘सुटल्याचा’ भास होतो, याचे कारण बहुधा असे की महागाचे पेट्रोल भरल्यावर माणूस गाडीकडे लक्ष देऊन, हात राखून चालवतो. ही थट्टा नाही. मी स्वतः तरुणपणी हेच केलेले आहे.

या नियमाला एक खरा अपवाद आहे. ज्या इंजिनात नॉक सेन्सर असतो, ते इंजिन टकटक जाणवताच ठिणगीची वेळ मागे घेते आणि इंधन चांगले मिळाले की ती पुन्हा पुढे आणते. अशा इंजिनाला उत्पादकाने ९५ ची शिफारस केलेली असताना ९१ भरले, तर इंजिन बिघडणार नाही. पण चढावरचा जोर आणि थोडे अ‍ॅव्हरेज कमी होईल. आपली एसयूव्ही या प्रकारात मोडते, हॅचबॅक काही प्रमाणात मोडते आणि मोटारसायकल अजिबात मोडत नाही. नक्की किती लागते हे पाहण्याची जागा दोनच: गाडीसोबत आलेले मॅन्युअल आणि इंधनाच्या झाकणाच्या आतले लेबल. इंटरनेटवरील अमेरिकी व्हिडिओतील ८७ किंवा ९३ हे आकडे इथे लावू नयेत, कारण तिथे दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी पंपावर लिहितात. आपल्याकडे लिहितात तो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे आरओएन. त्यांचे ८७ हे आपल्या ९१-९२ च्या घरात येते.

आता पंपावर प्रत्यक्ष काय मिळते ते पाहू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले, तेव्हा साध्या पेट्रोलासाठी किमान ९१ आरओएन ठरलेले होते. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या पुढे असल्यामुळे २० टक्के मिश्रणानंतर साधे पेट्रोलच ९५ आरओएनपर्यंत पोहोचले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. ही बाब फार थोड्या ग्राहकांच्या ध्यानात आली आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी ‘९१ नको, ९५ द्या’ म्हणण्यात काही इंजिनांपुरते तथ्य होते. आज केवळ ऑक्टेनसाठी ९५ चे प्रिमियम घेण्याला जवळजवळ काहीच आधार उरलेला नाही. प्रिमियममध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व स्वच्छ ठेवणारी रसायने असतात, ते खरे आहे आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्यासाठी प्रत्येक टाकी प्रिमियमची भरण्याची गरज नसते. लिटरमागे आठ रुपये जादा आणि महिन्याला साठ लिटर धरले, तर वर्षाला ५,७६० रुपये होतात. तेवढ्या पैशांत जुन्या गाडीची इंधनाची सगळी नळी, सील आणि फिल्टर नवे होऊन वर दोन ऑइल बदलण्याचे पैसे शिल्लक राहतात. आणखी एक गैरसमज दूर करतो: ९५ चे प्रिमियम म्हणजे बिनइथेनॉलचे पेट्रोल नव्हे; त्यातही इथेनॉल असते.

नाशिककरांसाठी यात एक स्थानिक मुद्दा आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. बिनटर्बोच्या इंजिनात त्यामुळे हवा कमी भरते, दाब कमी बनतो आणि ऑक्टेनची गरज किंचित घटते. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत कमी ऑक्टेनचे पेट्रोल विकले जाते ते याच आधारावर. म्हणजे ठाण्यात टकटक न करणारी हॅचबॅक नाशिकच्या रस्त्यावर तर मुळीच टकटक करू नये. टर्बो गाडी मात्र हवेची तूट स्वतः भरून काढते, तिला ही सवलत लागू नाही.

तरीही माझ्याकडे ‘गाडी नॉकिंग मारते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या कसारा घाटात आवाज ऐकून आलेल्या असतात. पाच माणसे, टपावर सामान, मे महिन्याची दुपार, एसी सुरू, आणि चालवणारा गिअर न उतरवता चौथ्यातच अ‍ॅक्सिलरेटर दाबून घाट चढतो आहे. अशा वेळी इंजिनाला कमी वेगात जास्तीत जास्त ओझे ओढावे लागते, आणि नॉकिंगला याहून पोषक स्थिती नाही. तिसऱ्या गिअरमध्ये येऊन फेरे वाढवले की नव्वद टक्के गाड्या गप्प होतात आणि पेट्रोल बदलावे लागत नाही. गप्प झाल्या नाहीत, तर मी आधी सिलिंडरमधली काजळी, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि प्लगचा हीट रेंज तपासतो. काजळीचा थर तापून लाल होतो आणि जागाही अडवतो, त्यामुळे तेच इंजिन पूर्वीपेक्षा अधिक ऑक्टेन मागू लागते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून अनेकांनी जुना घाट सोडून बोगद्याचा रस्ता धरला आहे, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर माझ्याकडची ही गिऱ्हाइके कमी झाली आहेत. सप्तशृंगगडाला जाणारी मंडळी मात्र अजून येतात.

इथेनॉलकडे वळतो. या बाबतीत आपला जिल्हा नवखा नाही. देशातील इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांपैकी एक मनमाडला होता. २००३ पासून ५ टक्के मिश्रण काही राज्यांत लागू झाले, जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची विक्री सुरू झाली आणि २०३० चे मूळ उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. पेट्रोल मुंबईहून पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येते. इथेनॉल मात्र पाणी शोषून घेत असल्यामुळे डिस्टिलऱ्यांतून टँकरने येते आणि डेपोतच मिसळले जाते. ‘पंपवाला पाणी घालतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे मिश्रणच असते. पंपचालकाला प्रमाण बदलण्याची मुभा नसते. जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉल पेट्रोलाचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा ई१० कुठे मिळेल याची चौकशी करण्यात वेळ घालवू नये.

अ‍ॅव्हरेज कमी होते का? होते, आणि त्याचे गणित अगदी सरळ आहे. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे ई२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलापेक्षा साधारण सात टक्के आणि ई१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हेच चित्र होते: ई० साठी बनवलेल्या व ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. ग्राहक जेव्हा मला अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आल्याचे सांगतो, तेव्हा ती घट वीस टक्क्यांहून अधिक असते. तिचा सगळा दोष इथेनॉलवर टाकता येत नाही. अशा गाडीत मी चिकटलेले ब्रेक, कमी हवेचे टायर, बुजलेला एअर फिल्टर आणि थकलेला ऑक्सिजन सेन्सर शोधतो, आणि बहुधा काहीतरी सापडते. अ‍ॅव्हरेज मोजायचे तर टाकी फुल करून, त्याच पंपाच्या त्याच नळीवर, सलग तीन टाक्यांचा हिशेब ठेवावा; डॅशबोर्डवरचा आकडा धरू नये.

आता वडिलांची मोटारसायकल. या उत्तरात मी सर्वाधिक वेळ तिच्यावर घालवणार आहे, कारण तिघींत खरी काळजी तिचीच आहे.

इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते: एक किलो पेट्रोलासाठी १४.७ किलो हवा, तर इथेनॉलसाठी ९ किलो. ई२० साठी हे प्रमाण साधारण साडेतेरावर येते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्बोरेटरला डोळे नसतात. जेटचे भोक जेवढे, तेवढेच इंधन तो देतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते, ज्याला आम्ही लीन म्हणतो. अशी गाडी सकाळी चोक मागते, गार असताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की खोकते, आणि लांबच्या पल्ल्यात नेहमीपेक्षा जास्त तापते. जानेवारीत निफाडकडची मंडळी ‘गाडी सुरूच होत नाही’ म्हणून येतात त्यामागे आणखी एक कारण आहे: इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते, त्यामुळे थंडीत मिश्रण नीट तयार होत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. जेटमधून जाणारे इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणून सात-आठ टक्के इंधन वाढवायला भोकाचा व्यास चार टक्क्यांच्या आसपास वाढला तरी पुरतो. १०० क्रमांकाचा मेन जेट असेल तर १०२ किंवा फार तर १०५ चा बसवावा, पायलट स्क्रू (आयडलिंगचे मिश्रण ठरवणारा) इंजिन गरम असताना जुळवावा आणि तिथेच थांबावे. भोक तारेने कोरून मोठे करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती कार्बोरेटर देऊ नये. ई२० वर प्लगचे टोक पूर्वीच्या पेट्रोलापेक्षा फिकट दिसते, त्यामुळे केवळ रंगावरून गाडी लीन आहे असे ठरवून जेट वाढवत नेणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

दुसरा आणि अधिक गंभीर भाग रबराचा. जुन्या गाड्यांतील नायट्राइल रबर, बुचाची गॅसकेटे आणि काही प्लॅस्टिके इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात आणि पुढे तडकतात. कार्बोरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल थांबवणाऱ्या सुईचे, म्हणजे फ्लोट निडलचे, टोक फुगले की पेट्रोल ओव्हरफ्लो होते. पेट्रोल कॉकचे सील गेले की बंद केलेला कॉकही पाझरतो. शिवाय इथेनॉल चांगले विरघळवणारे असल्यामुळे टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि गंज सुटून खाली येतो व जेट बुजवतो. म्हणून ई२० सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत फिल्टर दोनदा बदलावा लागला, तर घाबरू नये; टाकी स्वच्छ होते आहे इतकेच.

माझा स्वतःचा धडा सांगतो. माझ्याकडे १९९६ सालची स्कूटर आहे. ई१० च्या काळात तिची पेट्रोलची नळी बदलताना, दोन मिनिटे वाचवायची म्हणून मी बाजारातल्या एका दुकानातून फुटावर मिळणारी, कोणताही छाप नसलेली नळी आणून बसवली. चार महिन्यांत ती फुगून क्लिपपाशी तडकली आणि त्र्यंबक रोडवर पेट्रोलाचा वास येऊ लागला. गाडी थांबवून पाहिले, तर थेंब गरम इंजिनापासून चार बोटांवर पडत होते. दुसऱ्यांना रोज बजावणाऱ्या माणसाने हे करावे याची लाज वाटली. तेव्हापासून मी गॅरेजमध्ये ‘एसएई जे३० आर९’ असे छापलेलीच नळी ठेवतो. तिच्या आतला थर फ्लोरोइलॅस्टोमर रबराचा असतो आणि इथेनॉलला टिकतो. वडिलांच्या गाडीत अशी नळी, कार्बोरेटरचे नवे गॅसकेट व ओ-रिंगा, विटॉन (तशाच फ्लोरोइलॅस्टोमर) टोकाची फ्लोट निडल, कॉकचे सील आणि नवा फिल्टर एकदा घालून घ्यावा. त्यानंतर तिच्यात साधेच पेट्रोल भरावे. प्रिमियम भरल्याने यातला एकही भाग वाचत नाही.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. इथेनॉल हवेतले बाष्प ओढते. ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलापेक्षा बरेच अधिक पाणी विरघळून राहू शकते, हा एका अर्थाने फायदाच आहे, कारण थोडे पाणी जळून निघून जाते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, वर पेट्रोल राहते, आणि इथेनॉल निघून गेल्यामुळे त्या वरच्या पेट्रोलाचे ऑक्टेनही उतरते. कॉक तळातून ओढतो ते पाणीमिश्रित इथेनॉल; इंजिन बंद पडते आणि टाकी आतून गंजते. इगतपुरी-घोटीकडच्या, जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर ओसरीवर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींत हे मी दरवर्षी पाहतो. उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी काठोकाठ भरून ठेवावी म्हणजे हवेला जागा राहत नाही, झाकणाचे रबर बदलून घ्यावे, आणि महिन्याहून अधिक काळ गाडी हलणार नसेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी.

हॅचबॅकचे दुखणे वेगळे आहे. २०१६ ची गाडी इंजेक्शनची असल्याने मिश्रण ती स्वतः सांभाळते. स्कॅनर लावला तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीने स्वतःहून वाढवलेल्या इंधनाची टक्केवारी दाखवणारा आकडा, पूर्वीपेक्षा काही टक्के अधिक दिसेल, तेवढे साहजिक आहे. तो सतत दहाच्या बराच वर राहिला तर मात्र कुठेतरी हवा गळते आहे किंवा पंपाचा दाब कमी आहे, असे समजावे. आपली गाडी सीएनजीवर चालते, आणि खरा धोका तिथे आहे. पाचशे रुपयांचे पेट्रोल भरून ते चार-चार महिने टाकीत पडून राहते, शिळे होते, ओलावा ओढते, आणि त्यातच बुडालेला फ्युएल पंप कोरडा किंवा चिकट होऊन बसतो. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे बदललेल्या पंपांपैकी बहुतेक सीएनजी गाड्यांचे होते. टाकी पाव भरलेली ठेवावी, आठवड्यातून निदान दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी आणि तीन महिन्यांत ते पेट्रोल संपवावे. सीएनजीचे ऑक्टेन १२० च्या घरात असते, त्यामुळे या गाडीत प्रिमियम भरून इंजिनाला काही मिळेल असे समजणे तर आणखीच व्यर्थ. इंधनाच्या नळ्या मात्र तपासून घ्याव्यात, कारण १ एप्रिल २०२३ आधीच्या गाड्यांना ई२० ला टिकणारे साहित्य वापरण्याचे बंधन नव्हते. काही उत्पादकांनी ते आधीपासून वापरले, काहींनी नाही. आपल्या मॉडेलचे उत्तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे. ई२० भरल्याने विमा रद्द होतो ही मात्र अफवा आहे आणि मंत्रालयाने तसा खुलासाही केलेला आहे.

एसयूव्हीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. २०२४ ची गाडी ई२० ला टिकणारी आहे. साधे पेट्रोल भरावे. मॅन्युअलमध्ये ९५ हून अधिकची शिफारस असेल तरच वरच्या दर्जाचे. टर्बो इंजिनाला ऑइल मात्र उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे, म्हणजे एपीआय एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचे, घालावे. कमी फेऱ्यांवर जास्त ओझे पडले असता ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा जो प्रकार छोट्या टर्बो इंजिनांत होतो, तो रोखण्यात ऑक्टेनइतकाच ऑइलचाही वाटा असतो. रोजचा प्रवास इंदिरानगर ते मुंबई नाका एवढाच असेल तर ऑइल वेळेआधी बदलावे, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि इंधन व पाणी ऑइलमध्ये साचत जाते.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल लिटरला साध्यापेक्षा कितीतरी महाग असते, आणि तिघींपैकी एकीलाही त्या ऑक्टेनची गरज नाही. त्याचा एकच उपयोग मला मान्य आहे: ते बिनइथेनॉलचे असल्याची खात्री झाली, तर वर्षातून चार-सहा वेळाच निघणाऱ्या जुन्या, जपलेल्या गाडीच्या टाकीत ते भरून ठेवावे. तिथे आपण पैसे ऑक्टेनला देत नाही, इथेनॉल नसण्याला देतो. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नये. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व सीट जातील म्हणून अशाच बाटल्यांचा सुकाळ झाला होता. त्यांपैकी काही अर्ध्या भरलेल्या माझ्या फडताळात अजून आहेत.

पेट्रोल बिनइथेनॉलचे असल्याची ती खात्री घरीच करता येते. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात १०० मिलिलिटरचे खुणा असलेले काचेचे नळकांडे मिळते. घराबाहेर, ज्योत आणि विडी-सिगारेटपासून दूर, त्यात १० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. तोंड बंद करून नीट हलवावे, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडावी आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर फुगतो. तो १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास आला तर ई१०. २८ च्या जवळपास आला तर ई२०. नव्वद मिलिलिटरमध्ये वीस टक्के म्हणजे अठरा, असा त्याचा साधा हिशेब आहे. आकडा तिशीच्या बराच पुढे गेला, तर टाकीतून नव्हे, थेट पंपाच्या नळीतून दुसरा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करावी. तोच निकाल आला तर पावतीसह तेल कंपनीकडे तक्रार करावी. वापरलेला नमुना टाकीत परत ओतू नये, त्यात आता पाणी आहे.

मोटारसायकलीचे काम पहिल्या पावसाआधी उरकून घ्यावे. कार्बोरेटर उघडाल तेव्हा जुना जेट फेकू नये, क्रमांक पाहून एका पुडीत बांधून ठेवावा. नवा जेट जास्त झाला आणि गाडी काळा धूर टाकू लागली, तर परत तोच लागेल.